दुर्बिणीतला ओळंबा

केजच्या शाळेतली खेळाची शिक्षिका, ज्योत्स्ना वडमारे, गावात 'बंदूकवाल्या मॅडम' म्हणून ओळखली जायची. खरं तर तिच्याकडे होती ती पॉइंट टू-टूची रायफल, बारीक काडतुसाची, कागदावरच्या टारगेटला भोकं पाडणारी. तिचा आवाज असा, की शेजारच्या बांधावरचं ढोरसुद्धा चरायचं थांबणार नाही. पण बीड जिल्ह्यात बंदूक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भलतंच काहीतरी येतं. लायसन्सच्या चौकशीला आलेल्या हवालदारानं तिला विचारलं होतं, "मॅडम, बंदूक कशाला पायजे?"

"टारगेट मारायला."

हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं मान वर केली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोन हाय टारगेट?"

हा किस्सा ती स्वतःच रंगवून सांगायची आणि ऐकणाऱ्याच्या आधी हसायची.

तिचं माहेर नेकनूर. वडील आबासाहेब फौजेत होते. वर्षातून एकदा ट्रंक घेऊन यायचे आणि पुन्हा जायचे. मधल्या सगळ्या दिवसांत घर हाकलं ते आईनं, चतुराबाईनं. लोकांच्या रानात खुरपायला जायची, कापूस वेचायची, आणि पोरगी शाळेतून आली की तिच्याकडून धडा वाचून घ्यायची. स्वतःला अक्षर येत नव्हतं तरी चुकलं की कुठं अडखळलं ते बरोबर ओळखायची. कॉलेजात ज्योत्स्नानं एनसीसी घेतली आणि पहिल्यांदा पोतं अंथरून पालथी पडून रायफल खांद्याला लावली. पाच गोळ्या झाडल्या. साहेबानं टारगेट बघितलं आणि म्हणाला, एकच लागली, बाकीच्या गेल्या रानात. मग कागद उजेडाला धरला तेव्हा दिसलं, की भोक एकच होतं खरं, पण कडेनं कुरतडल्यासारखं. पाचही गोळ्या त्यातूनच गेल्या होत्या.

पुढं तिनं खेळाच्या शिक्षिकेचं शिक्षण घेतलं, नोकरी लागली, पवनशी लग्न झालं. पवन वायरमन, दिवसाचा अर्धा वेळ खांबावर. स्वतःची रायफल मात्र चाळिशीला टेकल्यावर आली. बीडजवळ क्लबची पन्नास मीटरची रेंज होती. सुट्टीच्या दिवशी ती लांब पेटी घेऊन एसटीत बसायची आणि शेजारची बाई हमखास विचारायची, "पेटी-तबल्याचा क्लास हाय का ओ मॅडम?"

यंदा उन्हाळ्यानंतर तिचा नेम बिघडला.

आधी ती पीप साइटनं मारायची. मागं बारीक छिद्र, पुढं कडी, काच कुठंच नाही. त्या कडीत टारगेटचा काळा गोल बसवायचा, श्वास रोखायचा, बोट दाबायचं. पण आता काळा गोल कडीत बसेना. मधे धुकं आल्यासारखं व्हायचं. भोकं कागदभर पसरायला लागली. ती म्हणाली, चाळिशी लागली, दुसरं काय. आणि त्याच सुमाराला पुण्यात स्कोप लावलेल्या टू-टू रायफलींची स्पर्धा होणार असल्याचं क्लबात कळलं. ज्योत्स्नाला वाटलं, ही तर आपल्यासाठीच आहे. डोळा थकला तर त्याच्या मदतीला दुर्बीण द्यावी.

स्कोप निवडायचा म्हणजे नुसती मोठी दुर्बीण उचलून आणायची नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शिकारीच्या रायफलीचे स्कोप लांबच्या पल्ल्यासाठी बनवलेले असतात. त्यातून पन्नास मीटरवरचं टारगेट बघितलं आणि डोकं जरासं हललं, की मधला क्रॉस टारगेटवरून घसरतो. रायफल जागची हललेली नसते, पण नेम गेलेला असतो. म्हणून टू-टूला असा स्कोप लागतो, ज्याच्या बाजूची चकती फिरवून जवळच्या पल्ल्यालाही चित्र आणि क्रॉस एकाच जागी स्थिर करता येतात. शिवाय डोळा काचेपासून किती लांब राहतो, नळी किती उंचीवर बसते, गाल दांड्यावर टेकला की डोळा आपोआप मध्यावर येतो का, हे सगळं बघावं लागतं. ती महिनाभर मोबाइलवर हेच वाचत होती. पवन म्हणायचा, "तुझ्यासाठी स्थळ बघताना तुझ्या घरच्यांनी एवढी चौकशी केली नसेल."

दोघं पुण्याला गेले. दुकानदारानं तीन स्कोप काउंटरवर मांडले आणि रस्त्यापलीकडच्या साड्यांच्या दुकानाची पाटी बघायला सांगितलं. पहिल्यात ज्योत्स्नाला अक्षरं पोहताना दिसली. दुसऱ्यात मधलं अक्षरच मळकट होतं, बोटानं पुसल्यासारखं.

"काच हलकी आहे," ती म्हणाली.

दुकानदाराचा चेहरा पडला. "मॅडम, दुकानातला हा सगळ्यात भारी पीस आहे."

पवननं डोळा लावला. "मला तर साडीची किंमतपण वाचता येतीय."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," असं म्हणून तिनं तिसरा उचलला. त्यातही मधे जरा गढूळ होतं, पण पॉवर कमी केली की चालून जायचं. तोच घेतला. परतीच्या गाडीत खोका मांडीवर ठेवून ती खिडकीबाहेर बघत होती. मनासारखी वस्तू मिळाल्याचा आनंद का होत नाही, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

मान आणि उजवा खांदा तर तिचे कधीपासून धरत होते. पालथं पडून पट्टा आवळून तासन्‌तास सराव करायचा, मग दुखणारच. पण त्यावर तिला इलाज सापडला होता. चतुराबाईच्या गुडघ्यांना नेकनूरच्या बाजारात बसणाऱ्या रामहरी जडीबुटीवाल्याची पुडी लागू पडली होती. चार वर्षांपूर्वी धरून धरून उठणारी बाई आता वाड्यावस्त्यांवर पायी जायची. अंगानं भरली होती, चेहरा गोल झाला होता. बाया म्हणायच्या, "चतुराबाई, पेन्शन अंगी लागली तुमच्या." उन्हाळ्यात लेक माहेरी आली, मान वाकडी करून बसलेली दिसली, आणि आईनं आपल्या डब्यातल्या पुड्या काढून तिच्या हातात कोंबल्या.

"घे. सकाळी एक, कोमट पान्यासंगं. माजे गुडघे बघ कसे पळतेत."

"काय असतं गं आई ह्यात?"

"झाडपाला असतोय. कावून भेतीस? मी मरलेय का खाऊन?"

दोन दिवसांत खांदा मोकळा झाला. ज्योत्स्नाला नवल वाटलं, आणि पुडी चालू राहिली. दर फेरीला आई डबा उघडायची. शेवटच्या वेळी तर तिनं डबा पालथाच केला. "तो बाबा दोन बाजार झाले आला न्हाई. हाय तेवढ्या तू ने. तुजी मॅच हाय."

स्कोप बसवायचा दिवस रविवार होता. ज्योत्स्नानं सकाळीच ओसरीत टेबल मांडलं, रायफलीचा बोल्ट, काडतूस आत सारणारा दांडा, काढून बाजूला ठेवला, नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि रायफल स्टँडमध्ये घट्ट धरली. वरची रेल, स्कोप बसवायची पट्टी, पुसून कोरडी केली. त्यावर रिंगा बसवल्या, स्कोपची नळी रिंगांत ठेवली, वरच्या पट्ट्या सैल लावल्या. मग गाल टेकवून, डोळे मिटून उघडून, नळी पुढं-मागं सरकवत चित्राची काळी कड नाहीशी होईपर्यंत जागा शोधली. आता एकच काम उरलं होतं. क्रॉसची उभी रेघ खरोखर उभी करायची. ती जराशी जरी कलली, तरी लांबच्या टारगेटला गोळी बाजूला जाते.

त्यासाठी ओळंबा लागतो. शेजारी हनुमान गवंडी भिंत बांधत होता. त्याचाच ओळंबा मागून पवननं समोरच्या चुन्याच्या भिंतीपुढं टांगला. केशरी दोरा, खाली पितळी वजन. रायफल रेलवर ठेवलेल्या बुडबुड्याच्या पाणपातळीनं आडवी सरळ केलेली होती. फक्त स्कोपची नळी फिरवायची आणि रेघ दोऱ्यावर बसवायची.

ज्योत्स्नानं डोळा लावला.

दोरा वाकडा होता.

वर सरळ, खाली सरळ, आणि मधोमध, जिथं क्रॉसच्या रेघा भेटतात तिथं, पोट सुटल्यासारखा एका अंगाला फुगलेला.

"अहो, दोरा कशाला अडकलाय का बघा."

पवननं दोऱ्याभोवती हात फिरवला. "न्हाई. मोकळा हाय."

"मग वाऱ्यानं हलतोय."

"वारा कुठाय? पानबी हलंना."

तिनं पुन्हा बघितलं, आणि मग तिला दुसरी गोष्ट दिसली. स्कोपातली उभी रेघ काचेवर कोरलेली असते. तिला वारा लागत नाही की कुणाचा हात लागत नाही. तीही वाकली होती. बाहेरचा दोरा आणि आतली रेघ, दोन्ही एकाच जागी, एकाच अंगाला.

"स्कोप खराब निघाला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता.

हनुमान गवंडी थापी ठेवून आला. हात धोतराला पुसून त्यानं वाकून बघितलं. "सरळ तर हाय की मॅडम. ओळंबा कदी वाकडा असतो काय?" आणि तो हसला. पवननं बघितलं. त्यालाही सरळच दिसला.

ज्योत्स्ना पुन्हा बसली. यावेळी तिनं आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. रायफलीला डावा डोळा लावला.

दोरा सरळ. तलवारीच्या पात्यासारखा सरळ. रेघ सरळ.

उजवा डोळा लावला. वाकडा.

तिनं मान वर करून हातानं डावा डोळा झाकला आणि पवनकडं बघितलं. त्याचे कान होते, केस होते, शर्टाची कॉलर होती. मधे नाक असायला हवं तिथं ओल्या अंगठ्याचा करडा डाग होता.

"काय झालं?" तो म्हणाला. डागातून नवऱ्याचा आवाज येत होता.

रिंगा आवळायचा पाना तिच्या हातातून फरशीवर पडला. ज्या डोळ्यानं तिनं पाच गोळ्या एका भोकातून काढल्या होत्या, तो डोळा महिनोन्‌महिने खोटं दाखवत होता, आणि ती काचेला, वयाला, दुकानदाराला दोष देत हिंडत होती. दोन्ही डोळे उघडे असले की डावा उजव्याचं पाप झाकून घ्यायचा. म्हणून रोजच्या जगण्यात तिला पत्ताच लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पवननं रजा टाकली आणि दोघं मोटारसायकलवर बीडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. डॉक्टर स्वप्नाली, तिच्याहून लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी मशीनवर डोळ्याचा आतला फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. सपाट थर असायला हवेत तिथं मधोमध एक उंचवटा होता, भाकरी फुगावी तसा.

"डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साठलंय. म्हणून रेघा वाकड्या दिसतात. बऱ्याचदा हे ओसरतं, घाबरू नका. पण मला सांगा, स्टेरॉइडची गोळी घेता का? इंजेक्शन? दम्याचा पंप? एखादं मलम?"

"नाही." ज्योत्स्नाला जरा राग आला. "मॅडम, मी खेळाची शिक्षिका आहे. न माहीत असलेलं काही तोंडात घालू नका, असं पोरांना मीच सांगते."

"जडीबुटी? काढा? पुडी?"

"पुडी घेते," ती म्हणाली. "खांद्यासाठी. रोज सकाळी एक."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघून मान हलवली. "अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. म्हणून तर दोन दिवसांत गुण येतो. तुम्ही ती मनानं बंद करू नका, मी फिजिशियनकडं पाठवते, ते कमी कमी करतील. घरात आणखी कुणी घेतं का?"

"आई. चार वर्षं झाली."

"मग त्यांना उद्याच घेऊन या. आणि एक लक्षात ठेवा, त्यांची पुडी एकदम थांबवायची नाही. इतकी वर्षं बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं सोडून देतं. अचानक बंद झालं तर माणूस जागेवर कोसळतो. जिवावर बेततं."

ज्योत्स्ना उठली, आभार मानले, दारापर्यंत गेली. आणि दाराची कडी हातात असतानाच तिला नेकनूरच्या घरातला तो डबा दिसला. पालथा केलेला. आईच्या हातानं तळावर दोनदा ठोकलेला, एखादी पुडी चिकटून राहिली असली तर पडावी म्हणून. हाय तेवढ्या तू ने.

तिथंच बाकावर बसून तिनं फोन लावला. आबांनी उचलला.

"जयभीम, पोरी."

"आबा, आई कुठंय?"

"पडून हाय. काल पसनं पोटात काय ठरंना. उलट्या करायली. पित्त झालंय, सोडा पाजलाय."

"उठून बसती का?"

"उठवलं का चक्कर येतीया म्हन्ती. थंडी वाजून अंग गार पडलंय. झोपू दे, सांच्यापर्यंत..."

"आबा, पुडी खाल्ली का तिनं?"

"कुठली पुडी? संपल्यात म्हनं. बंद हायती आठवड्यापसनं."

"आबा, आत्ताच्या आत्ता शेजारच्या रामप्रसादची जीप काढा आणि तिला बीडच्या सरकारी दवाखान्यात आणा. मी फाटकात उभी राहते."

"अगं पित्ताला कुठं जिल्ह्याच्या..."

"आबा!" तिनं जन्मात पहिल्यांदा बापावर आवाज चढवला. दवाखान्यातले सगळे वळून बघायला लागले. "ती मरंल! उचला तिला!"

पलीकडून फौजी माणसाचा कोरडा आवाज आला, "निघालो."

जीप आली तेव्हा ऊन चढलं होतं. मागच्या बाकावर आबांच्या मांडीवर डोकं ठेवून चतुराबाई पडली होती. ज्या गोल चेहऱ्याचं लोक कौतुक करायचे, तो मातीच्या मडक्यासारखा करडा पडला होता. हात खाली लोंबत होता आणि दंडावर जागोजाग जांभळे डाग होते. ते ज्योत्स्नानं आधीही बघितले होते. आई म्हणायची, कामात लागतं काहीबाही. तिनंही मान्य केलं होतं. डाग, गोल चेहरा, वाढलेली साखर, कागदासारखी पातळ झालेली कातडी, सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि चांगल्या डोळ्यालाही ते दिसलं नव्हतं.

तपासणीतल्या तरुण डॉक्टरला वाटलं, उलट्यांनी पाणी कमी झालंय. सलाईन लावायला सांगून तो पुढच्या पेशंटकडं वळत होता. ज्योत्स्नानं त्याची वाट अडवली.

"डॉक्टर, ती चार वर्षं स्टेरॉइडवर होती, आम्हाला माहीत नव्हतं. आठवड्यापासून एकदम बंद झालंय." आणि तिनं डॉक्टर स्वप्नालींना लावलेला फोन त्याच्या कानाला दिला.

त्यानं दोन वाक्यं ऐकली आणि त्याचा चेहराच बदलला. सिस्टरला हाक मारली, एका औषधाचं नाव सांगितलं, स्वतः शीर शोधायला बसला. रक्तदाब मोजणाऱ्या सिस्टरनं आकडा सांगितला तेव्हा त्यानं तो पुन्हा मोजायला लावला.

"काय देताय तिला?" ज्योत्स्नानं विचारलं.

"स्टेरॉइड."

"तेच?"

"तेच. आत्ता तेच त्यांना जगवेल."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. ज्यानं आईला इथवर आणलं तेच थेंबाथेंबानं आईच्या शिरेत चाललं होतं, आणि तिला ते थांबू नये असं वाटत होतं. आबा बाहेरच्या पायरीवर ताठ बसले होते, पहाऱ्यावर बसल्यासारखे. पवननं त्यांच्यापुढं चहा धरला, तो तसाच निवला.

दिवस कलता कलता चतुराबाईच्या गालावर रंग आला. तिनं डोळे उघडले, छताकडं बघितलं, मग लेकीकडं.

"मॅच झाली का गं?"

"न्हाई माय."

"पुड्या घेतल्या का येळेवर? दुखतंय का खांदा?"

तोंडात पदर कोंबून ज्योत्स्ना वॉर्डाबाहेर आली. आईला माहीत होतं की दोन दिवस पुडी चुकली की अंग मोडून येतं. माहीत असून तिनं डबा पालथा केला होता.

चतुराबाई आठवडाभर दवाखान्यात राहिली. डॉक्टरांनी गोळीचा डोस लिहून दिला, दर काही आठवड्यांनी थोडा थोडा उतरवायचा. ज्योत्स्नाचंही तसंच, फक्त थोडक्यात आटोपणारं. पुण्याची स्पर्धा होऊन गेली. रायफल कपाटात कुलूपबंद होती आणि स्कोप अर्धवट आवळलेल्या रिंगांत तसाच.

मग ती रामहरीला शोधायला नेकनूरच्या बाजारात गेली. त्याला काय बोलायचं ते तिनं गाडीत घोकून ठेवलं होतं. रामहरी आला होता. लिंबाखाली सतरंजीवर मुळ्या, साली, बिया, आणि मधे पुड्यांचा ढीग. त्याच्या शेजारी एक म्हातारी बसून पुड्या बांधत होती.

ज्योत्स्नानं सगळ्यांसमोर सांगितलं. आई कशी मरता मरता वाचली, डोळा कसा गेला होता, पुडीत काय असतं. रामहरी आधी हसला, मग चिडला, मग त्याचा आवाजच बसला.

"बाई, मी काय कारखाना काढलाय का? भुकटीचा डबा लातूरकडनं येतो, मी त्यात सुंठ-हळद घालतो. डब्यात काय हाय मला काय ठावं? वाईट असतं तर माज्या मायला दिलं असतं का? इचारा. ही माजी माय. तीबी हेच खाती."

म्हातारीनं मान वर केली. चेहरा गोल, पुनवेच्या चंद्रासारखा. दंडावर जांभळे डाग.

ज्योत्स्नानं घोकून आणलेलं सगळं तिथंच विरलं. समोर कुणी राक्षस असता तर बरं झालं असतं. समोर एक घाबरलेला माणूस होता आणि त्याची आई होती, जिला उद्या पुड्या संपल्या तर परवा चक्कर येणार होती.

"आजच तिची पुडी बंद करू नका," ती कशीबशी म्हणाली. "दवाखान्यात दाखवा आधी. मग."

आणि त्याहून मोठा धक्का तर पुढंच होता. जमलेल्या बायांपैकी एकीनंही तिची बाजू घेतली नाही. सुंदरबाई नावाची एक बाई पुढं आली, पुड्यांची जुडी तिनं घाईनं कंबरेला खोवली आणि म्हणाली, "तुजं बरं हाय मास्तरीन. तुला बसून पगार हाय. माजे गुडघे कोन चालवनार? तू?" रामहरीला कुणी काही बोलू नये म्हणून बाया त्याच्या सतरंजीभोवती उभ्या राहिल्या. ज्योत्स्ना एकटी एसटी स्टँडवर आली. तिनं अन्न-औषधच्या लोकांकडं तक्रार दिली, पुडीचा नमुना दिला. त्यांनी डब्याचा माग काढायला सुरुवात केली. पण बाजारात पुड्या संपेपर्यंत खपत राहणार, हे तिला कळत होतं.

हे सगळं तिनं आईला सांगितलं तेव्हा चतुराबाई खाटेवर पाय पसरून बसली होती. गुडघे पुन्हा सुजले होते. चेहरा ओसरून पूर्वीचा होत चालला होता, हाडं दिसणारा.

"तू शिकलेली," ती म्हणाली. "तुजं कावून ऐकतील त्या? त्यांना वाटनार, हिला काय दुखतंय."

पुढच्या बाजारी ती काठी टेकत, दर चार पावलांना थांबत, लिंबाखाली गेली. आबासाहेब मागून पोतं घेऊन आले, अंथरलं. रामहरी त्या दिवशी नव्हता. आपल्या आईला दवाखान्यात घेऊन गेला होता म्हणे. चतुराबाई त्याच्याच जागेवर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्या बाईला हाक मारायला लागली.

"ये गं, बस. मी मरून आलेय. मला इचार."

दिवसभरात तीन बायका बसल्या. सुंदरबाई त्यांत नव्हती. ती लांबून बघून गेली आणि पुन्हा एकदा बघून गेली. संध्याकाळी त्या तिघींना घेऊन आबासाहेब सरकारी दवाखान्यात गेले, आणि त्यातल्या एकीची साखर बघून डॉक्टरनं तिला तिथंच ठेवून घेतलं.

दिवाळीनंतर ज्योत्स्नाच्या डोळ्यातलं पाणी ओसरलं. डॉक्टर स्वप्नाली म्हणाल्या, थोडी खूण राहील, रोजच्या कामाला अडणार नाही. पण रोजचं काम म्हणजे नेम नव्हे. तिनं बराच विचार केला आणि स्कोप पूर्ण काढून रिंगा पुढं सरकवल्या, डाव्या डोळ्यानं ओळंबा बघून तो पुन्हा बसवला, गालाची उशी दुसऱ्या अंगाला वळवली, पट्टा उजव्या दंडावर बांधला. एका सुट्टीच्या सकाळी बीडच्या रेंजवर ती रायफल डाव्या खांद्याला लावून पालथी पडली. बोल्ट ओढायला हात चुकीच्या बाजूला जायचा. श्वास कुठं रोखायचा ते डाव्या अंगाला ठाऊक नव्हतं. पाच गोळ्या झाडल्या आणि पवन पळत जाऊन कागद घेऊन आला.

भोकं पाचही वेगवेगळी होती, एक तर काळ्या गोलाच्या पार बाहेर.

"लई पसरल्यात," पवन जपून म्हणाला.

तिनं कागद हातात घेतला, बोटानं एक एक भोक चाचपलं. मग मान हलवून पुढचं काडतूस हातात घेतलं.

"दुसरा कागद लावा," ती म्हणाली.